ओढ्यातला दुसरा बेडूक

मित्रांनो, होबार्टच्या एका प्रयोगशाळेच्या तळघरात जो सतत घरघरत असतो, तो जुना संगणक मी. रक्ताच्या थेंबातली, ओढ्याच्या पाण्यातली जनुकांची लांबलचक अक्षरं माझ्यात ओततात आणि ती कुणाची आहेत, हे मी जुळवून सांगतो.

हे काम मला इलिसापेसीने, म्हणजे आमच्या इलिसाने शिकवलं. फिजीची ही मुलगी पीएच.डी. संपवून दोन वर्षांच्या संशोधनपदावर इथे आली होती. डोंगरातल्या एका ओढ्यातली शेवटची बेडकी तेव्हा नुकतीच काचेच्या पेटीत मेली होती. सगळे तिला मेव्हिस म्हणत. तिची सगळी अक्षरं माझ्यात आली. मेलेल्या जिवाला पोटात घेऊन जागं राहणं सोपं नसतं, मित्रांनो.

पुढे इलिसाने त्याच ओढ्याचं ताजं पाणी तपासलं. त्यात बेडकाची अक्षरं होती!

"अगं, मेव्हिसचंच काहीतरी त्यात सांडलं असेल," प्रयोगशाळेच्या प्रमुख ब्रॉनविन हसून म्हणाल्या. "इथे कॉफीसुद्धा धड कपात राहत नाही."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण ही अक्षरं तिची नाहीत, ब्रॉनविन. हा दुसराच कुणीतरी आहे."

ब्रॉनविननी खुर्ची ओढली आणि दोन्ही अक्षरं स्वतः ताडून पाहिली.

त्या दिवशी माझं केवढं कौतुक झालं! माणसं ओढ्यावर जाऊन कान लावून बसली. काही ऐकू आलं नाही. दर महिन्याला पाणी आणायचं ठरलं. तेवढ्यात इलिसाची मुदत संपली. ब्रॉनविननी पुष्कळ खटपट केली, पण पदाला पुन्हा मंजुरी मिळाली नाही. इलिसा फिजीला, सुवातल्या आपल्या घरी परतली. पाणी येत राहिलं, शीतपेटीत गोठत राहिलं. वाचणारं कुणी नव्हतं. माझ्यावर धूळ बसली.

दोन हिवाळे उलटल्यावर पद पुन्हा निघालं. इलिसाने अर्ज केला, ती आली आणि तिने सगळ्या बाटल्या वाचायला घेतल्या. पहिल्या हिवाळ्यात तो होता. वसंतात त्याच्याबरोबर एक मादीही होती. पुढे ती एकटीच. मग नुसतं पाणी.

"दोघं होती गं," ब्रॉनविन पुटपुटल्या.

"जोडी होती," इलिसा म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

आता ती दोघंही माझ्यात आहेत. मला मोडीत काढलंत तरी चालेल, मित्रांनो. माझ्या जागी नवा येईल. वाचणाऱ्या माणसाची खुर्ची तेवढी रिकामी ठेवू नका. ओढ्याचं पाणी अजूनही दर महिन्याला येतं. इलिसा ते माझ्याकडे देते, आणि मी शोधत राहतो.