गुरुवारची दहा मिनिटं

गुरुवारी बारा चाळीस झाले की पद्माबाई खिचडीच्या पातेल्याखालचा जाळ बाहेर ओढायची. पुसेगावच्या शाळेत ती दहा वर्षांपासून स्वयंपाक करत होती. लेकरांना वाढायचं काम ती जोडीदारणीवर सोडायची आणि रेडिओ कानाला लावून भिंतीशी बसायची. त्या वेळी सरकारी रेडिओवर 'शोध माणसांचा' लागायचा. दहा मिनिटांचा कार्यक्रम. हरवलेल्या माणसांची नावं, वयं, अंगावरच्या खुणा आणि शेवटी घरच्यांचा फोन नंबर. चार वर्षांपासून त्यात तिच्या प्रमोदचं नाव येत होतं.

भरतीच्या परीक्षा देऊन देऊन पोराच्या डोक्यावर परिणाम झाला होता. बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं, आणि एका सकाळी तेवीस वर्षांचा प्रमोद अंगावरच्या कपड्यानिशी घरातून निघून गेला. पोलीस झाले, पेपर झाले. बाप सटवाजी सहा महिने गावोगाव हिंडला आणि पुढच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेला. मागं राहिली पद्माबाई आणि तिची लेक सपना. सपना हिंगोलीत एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. सकाळच्या गाडीनं जायची, दिवे लागायच्या वेळेला यायची.

"डाव्या हाताला सहा बोटं," असं निवेदिका वाचायची, तिथपर्यंत पद्माबाई ऐकायची. त्यापुढं तिला ऐकू येत नसे. पोराचा हात डोळ्यापुढं यायचा, पदर तोंडात जायचा आणि कान बंद व्हायचे.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी कार्यक्रम संपल्यावर निवेदिका थोडं जास्त बोलली. तिचं नाव कोमल. पद्माबाईनं तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिला सर्दी झालेली सुद्धा आवाजावरून कळायची. केंद्राच्या सगळ्या कार्यक्रमांचा आढावा घ्यायला वरून समिती येणार आहे, श्रोत्यांनी वीस तारखेपर्यंत आपला अभिप्राय कळवावा, बावीस तारखेला सेनगावला पंचायत समितीच्या सभागृहात बैठक आहे, असं ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "ज्या कार्यक्रमांना प्रतिसाद कमी, त्यांचा फेरविचार होणार आहे. आपल्या कार्यक्रमाला आजपर्यंत तीन अभिप्राय आले आहेत."

संध्याकाळी सपना यायच्या आधी पद्माबाई फाट्यावर जाऊन उभी होती.

"तीनच म्हणली गं. तीनच माणसं. बंद करतील ते."

"माय, आता रेडिओ कोण ऐकून राहिलं?"

"मी ऐकून राहिली ना!" ती रस्त्यावरच ओरडली. "माझ्या लेकराचं नाव घेणारं अजून कोण हाय ह्या दुनियेत? पोलिसांनी फाइल बांधली. तू बी घेत न्हाईस आता."

 दुसऱ्या दिवशी सपनानं अभिप्रायाचा फॉर्म आणला आणि त्याच्या शंभर झेरॉक्स काढल्या.

खिचडीची भांडी घासून झाली की पद्माबाई ते कागद पिशवीत घालून घरोघर फिरायची. तिला लिहिता येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांच्याकडून लिहून घ्यायची आणि बाकीच्यांचं सपना रात्री जेवण झाल्यावर भरायची. किराणावाला भागवत म्हणाला, "रेडिओ? मावशी, मोबाईलच्या जमान्यात?" पण तिचं तोंड बघून त्यानं सही केली. बौद्ध वाड्यात सगळ्यांनी केली. ऐकतो का, या प्रश्नावर सगळ्यांनी 'हो' लिहिलं, आणि एकानंही तो कार्यक्रम ऐकला नव्हता.

खरा ऐकणारा माणूस तिला चौथ्या दिवशी भेटला. आशाबाई. पाटलाच्या आळीतली, एकटी राहणारी. तिच्याकडं रेडिओ दिवसभर चालू असायचा.

"ऐकते ना," आशाबाई म्हणाली. "पण खरं सांगू? तो चालू झाला की मी बंद करते. जेवायच्या वक्ताला ती नावं ऐकून घास उतरत न्हाई. गाणी लावावीत त्यापेक्षा." आणि तिनं स्वतःच्या हातानं तसंच लिहून दिलं. पाचपैकी एक गुण. असे आणखी दोन कागद आले.

सपनानं ते वाचून दाखवले तेव्हा पद्माबाई ऐकत राहिली. सकाळी शाळेत चूल पेटवताना तिनं तिन्ही कागद आत सारले. ते जळाले तेवढ्यात सुद्धा तिला कुणीतरी पाहिल्यासारखं वाटलं. त्या दिवशी खिचडी लागली.

वीस तारखेच्या आधीच्या बाजाराला ती सेनगावला गेली. एसटी स्टँडवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली. लोक तिला काहीतरी मागणारी समजून पुढं जात होते. दुपारी एक दणकट माणूस थांबला. डोक्याला रुमाल, पायात धुळीनं भरलेली चप्पल. हिरासिंग त्याचं नाव. वसमतच्या बाजूला लोकांची हळद शिजवून द्यायचं काम करायचा आणि हंगामासाठी मजूर ठरवायला सेनगावला आला होता.

"ऐकतो की," तो म्हणाला. "हळद शिजवताना दिवसभर रेडिओच तर असतो. चांगला कार्यक्रम हाय."

पद्माबाईनं घाईनं कागद पुढं केला. "लिहा ना मग दादा. काही फायदा झाला का म्हणून विचारलंय, तिथं लिहा."

"फायदा काय व्हायचा, मावशी. मागच्याच्या मागच्या साली एक पोरगं होतं आमच्याकडं. कुठून आलं ठाऊक न्हाई. जाळ घालायचं, बोलायचं न्हाई. एका गुरुवारी रेडिओवर नाव आलं अन् ते पोरगं रडायलाच लागलं. मी हात बघितला त्याचा. सहा बोटं, बराबर सांगितल्यासारखी."

पद्माबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. हिरासिंगला काही कळलं नव्हतं. तो पुढं सांगतच होता.

"नंबर त्याला पाठ होता. म्हणला, बापाचा हाय. मीच लावून दिला. पलीकडचा माणूस हिंदीत शिव्या द्यायला लागला. तीनदा लावला, तीनदा शिव्या. मग ते पोरगं म्हणलं, राहू द्या. बाप ओळख दाखवून न्हाई राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर पोरगं गायब."

"ती बापाची शिवी नव्हती," पद्माबाई म्हणाली.  "बाप मेला होता, दादा. त्याच्या आधी वरीसभर मेला होता."

आता हिरासिंग तिच्याकडं नीट बघू लागला. मग तिथंच फरशीवर बसला.

सटवाजी गेल्यावर त्याचा मोबाईल ट्रंकेत पडून होता. नंबर बंद पडला आणि कंपनीनं तो दुसऱ्या कुणाला तरी दिला. रेडिओवर मात्र सटवाजीनं पहिल्या दिवशी लिहून दिलेला कागदच वाचला जात होता. गुरुवारमागून गुरुवार. सपना त्या वेळी दुकानात असायची, तिनं तो कार्यक्रम एकदाही शेवटपर्यंत ऐकला नव्हता. आणि पद्माबाईचे कान सहा बोटांवर बंद व्हायचे.

दुसऱ्या दिवशी मायलेकी वसमतला गेल्या. हिरासिंगनं हळद शिजवायच्या कढया ठेवायची जागा दाखवली, पोरगं झोपायचं ते पत्र्याचं छप्पर दाखवलं. मोकळं रान होतं. शेजारच्या गावांत विचारलं. कुणी म्हणालं तो नांदेडकडं गेला, कुणी म्हणालं ऊसतोडीच्या टोळीबरोबर. परतीच्या गाडीत सपना खिडकीला डोकं टेकून रडत होती. पद्माबाई रडली नाही. ती मनात एकच हिशेब घालत होती. तो अजून कुठं असला, आणि तिथं रेडिओ असला, तर नवा नंबर त्याच्या कानावर पडला पाहिजे. तेवढं होईपर्यंत कार्यक्रम चालला पाहिजे.

बावीस तारखेला सभागृहात पंचवीस माणसं होती. त्यातली निम्मी पंचायत समितीचीच. समोर समितीचे तीन जण. मधले साहेब पांढऱ्या केसांचे, सौम्य बोलणारे. कडेला पिवळ्या ओढणीतली एक बाई बसली होती. तिनं माईक तपासायला दोन शब्द उच्चारले आणि पद्माबाईला कळलं, ही कोमल.

साहेबांनी कागद पाहिले. "या कार्यक्रमाला एकूण एक्केचाळीस अभिप्राय आहेत. त्यातले छत्तीस पुसेगावचे. बरेचसे एकाच हस्ताक्षरात. सगळ्यांनी पाचपैकी पाच गुण दिलेत." त्यांनी चष्मा काढला. "आम्ही हे कसं धरायचं? मला एवढंच सांगा, या कार्यक्रमातून कुणी सापडलं आहे का?"

कोमल उठली. "दोन माणसं, सर. आम्हाला कळलेली. सापडल्यावर घरचे कळवत नाहीत."

"किती वर्षांत?"

"अकरा."

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. पद्माबाई उभी राहिली. माईक तिच्याकडं येईपर्यंत ती थांबली नाही.

"साहेब, माझा लेक सापडला व्हता. ह्याच रेडिओवर. त्यानं सोता ऐकलं आपलं नाव. फोन बी लावला. नंबर मेलेल्या माणसाचा व्हता म्हणून तो परत गेला." आणि तिनं सगळं सांगितलं. हिरासिंगचं सांगितलं, पत्र्याच्या छपराचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "ते कागद आमीच भरलेत. गाववाल्यांनी माझ्या तोंडाकडं बघून सह्या केल्या. ज्यांनी वाईट लिहिलं त्यांचे तीन कागद मी जाळले. खोटं बोलून माझं काम होईल असं वाटलं व्हतं. आता खरं सांगते. कार्यक्रम लोक ऐकतात. नंबर तेवढा बदला."

 साहेबांनी कोमलला विचारलं, "दिलेले नंबर चालू आहेत की नाही, हे तपासायची काही पद्धत आहे?"

कोमलचा चेहरा उतरला. "नाही, सर. मी एकटीच आहे या कार्यक्रमाला."

साहेबांनी लिहून घेतलं. ते काय लिहीत असतील हे पद्माबाईला त्यांच्या मानेवरून कळलं. तिनं आपल्याच तोंडानं कार्यक्रमाच्या मुळावर घाव घातला होता.

"साहेब, पाया पडते. एक गुरुवार द्या."

"मावशी, आम्ही फक्त शिफारस करतो. निर्णय वरचा."

बाहेर व्हरांड्यात कोमलनं तिला गाठलं. तिचे डोळे भरले होते. "दोनशे आठ वेळा वाचलं असेल मी ते, मावशी. एकदा तरी तो नंबर लावून बघायला हवा होता मी."

"मी बी ऐकायला पायजे व्हता, पोरी."

"अहवाल येईपर्यंत कार्यक्रम माझ्या हातात आहे. नवा नंबर द्या."

पुढच्या गुरुवारी सपनानं सुट्टी घेतली. फोन मधे ठेवून मायलेकी शाळेच्या भिंतीशी बसल्या. कोमलनं त्या दिवशी एकच नाव वाचलं. प्रमोद, आता वय सत्तावीस. "प्रमोद, तुझे वडील वारले आहेत. तू लावलेला फोन त्यांनी उचललाच नव्हता. आई आणि बहीण वाट बघत आहेत." मग नंबर सावकाश, एकेक आकडा, चार वेळा वाचला. या वेळी पद्माबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

कार्यक्रम संपायच्या आत फोन वाजला. सपनाच्या हातून तो पडता पडता वाचला. कळमनुरीची एक बाई होती. "सापडला का हो?" एवढंच तिनं विचारलं. मग एका कारखान्याचा वॉचमन. मग एक शिंपी. संध्याकाळपर्यंत एकोणीस फोन आले. प्रमोदला कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांना फक्त विचारायचं होतं.

औंढ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "बाई, चार साल झाले, दर गुरुवारी तुमच्या लेकराचं नाव ऐकून राहिलो मी. माझ्या घरातल्यासारखं झालं ते."

पद्माबाईला संताप आला. "मग इतके दिवस रेडिओवाल्यांना काहून न्हाई कळवलं? तीन माणसं ऐकतात म्हणले ते!"

पलीकडून म्हातारा म्हणाला, "काय कळवू? मला तो दिसलाच न्हाई. दिसला असता तर कळवलं असतं."

महिन्यानं समितीचा अहवाल आला. सपनानं तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर काढला आणि घरी येऊन वाचून दाखवला. श्रोत्यांचा प्रतिसाद अत्यल्प व अविश्वसनीय, माहितीची पडताळणी नाही, कार्यक्रम बंद करण्यात यावा. पुढच्या गुरुवारी बारा चाळीसला गाणी लागली.

माघात हिरासिंगचा फोन आला. कढया चढल्या होत्या आणि चार जिल्ह्यांच्या टोळ्या उतरल्या होत्या. पद्माबाईनं मुख्याध्यापकांना सांगितलं की दुसरी बाई बघा, आणि ती वसमतच्या गाडीत बसली.

दिवसभर ती पालापालांतून फिरली. प्रत्येक टोळीच्या मुकादमाला फोटो दाखवला. वाफेनं सगळं रान पिवळं आणि ओलं झालं होतं. कुणी ओळखलं नाही. एका मुकादमानं फोटो जास्त वेळ धरला, मग मान हलवून परत दिला. सोमवारी आणखी दोन टोळ्या येणार आहेत, यवतमाळकडच्या, असं तो म्हणाला.

"मावशी, शेवटची गाडी निघंल आता," हिरासिंग म्हणाला.

"तुमच्याकडं बाईमाणसाला काम असतं का?"

"हळद निवडायचं असतं."

"मग मी राहते," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत तरी."

तिनं चपला छपराखाली काढल्या आणि निवडणाऱ्या बायांच्या रांगेत जाऊन बसली.