तीन आडवे वासे

क्लेमला सैन्यात हजर होण्याचा कागद आला तेव्हा आमच्या एकवीस गाई दुधात होत्या. माझा नवरा हौसेने लढाईवर गेला नाही. बोलावलं म्हणून गेला. पाच महिन्यांनी तो जपान्यांशी लढायला न्यू गिनीच्या डोंगरात खांद्यावर बंदूक घेऊन चिखल तुडवत होता. पुढचं त्यानेच सांगितलं, तेही दोन-तीन वर्षांत, तुकड्या-तुकड्याने, धारा काढताना. समोरासमोर बसून बोलणारा तो माणूस नव्हे.

त्यांच्या तुकडीचा म्होरक्या, कॉर्पोरल हॅलोरन, आपणहून भरती झालेला, वाळवंटात लढून आलेला. कागद आला म्हणून आलेल्यांना तो ‘चॉकलेटचे शिपाई’ म्हणायचा. ऊन लागलं की वितळणारे.

त्या दिवशी सहा जणांची गस्त सकाळीच निघाली. डोंगराच्या वरच्या धारेवर जपानी आहेत का, एवढंच पाहून परतायचं. वाट एका रताळ्याच्या बागेतून जायची. गावकरी केव्हाच पळून गेले होते, पण बाग शाबूत होती. छातीएवढं दाट काठ्यांचं कुंपण, आत जायला खालच्या अंगाला एक तोंड, बाहेर पडायला वरच्या अंगाला दुसरं. दोन्हींवर तीन-तीन आडवे वासे. रानडुकरं शिरू नयेत म्हणून.

आमच्याकडे लेकरू चालायला लागलं की पहिलं हेच शिकतं: फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. क्लेम रांगेत शेवटी होता. वरच्या तोंडाशी तो पुढच्यांनी काढून टाकलेले वासे उचलायला वाकला.

“काय रे चॉकलेट, कुणाची गाय सुटतेय?” हॅलोरन पुढून म्हणाला. “राहू दे ते. चल.”

“हो,” क्लेम म्हणाला. सगळे वळणाआड गेल्यावर त्याने तिन्ही वासे जागेवर बसवले आणि धावत त्यांना गाठलं.

दुपारी धारेखाली गोळ्या आल्या. एक हॅलोरनच्या मांडीत शिरली. गस्तीतल्या लेसने त्याच्या पायाला पट्टा आवळला, दोन काठ्यांना घोंगडी बांधून झोळी केली आणि सगळे उतरू लागले. पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर पाय जाणार आणि सैल केला तर रक्त. बागेतून गेलं तर डॉक्टरांचा तंबू पाऊण तासावर होता. ओढ्याने वळसा घालून तीन तास.

क्लेम झोळीच्या पुढच्या टोकाला होता. बागेचं वरचं तोंड वीस पावलांवर दिसलं आणि तो थांबला.

तोंड उघडं होतं.

“काय झालं?” लेस मागून कुजबुजला.

“वासे काढलेत.”

“मग बरंच आहे की. चल, हात भरून आलेत माझे.”

“मी लावले होते.”

झोळीतून हॅलोरनचा आवाज आला. “मी तुला राहू दे म्हणालो होतो.”

“तुम्ही पुढे गेल्यावर लावले, कॉर्पोरल.”

“बघून लावलेस, की लावले असतील असं वाटतंय?”

क्लेमने आठवून पाहिलं. असली कामं हातच करतात, डोक्याला पत्ता नसतो. घरी रात्री अंथरुणातून उठून तो फाटक बघून आलेला आहे, एकदा नव्हे, दहादा. प्रत्येक वेळी ते लावलेलंच असायचं.

“लावले,” तो म्हणाला.

“डुकरांनी पाडले असतील,” लेस म्हणाला.

“डुक्कर पाडतं तेव्हा वासे इकडेतिकडे पडतात. हे बघ, एकावर एक रचून ठेवलेत.”

“मग बागेचा मालक आला असेल परत.”

मागे खालच्या दुसऱ्या एका गावात क्लेमने एक बाई पाहिली होती. पोटाशी तान्हं, पाठीवर ओझं. बागेत शिरल्यावर तिने आधी वासे लावले, मगच मूल खाली ठेवलं.

“मालक असं उघडं टाकून जाणार नाही,” तो म्हणाला. “ज्याला या रताळ्यांचं काही नाही, असा कुणीतरी आत आहे.”

“ट्रेगियर,” हॅलोरनने क्लेमला आडनावाने हाक मारली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. “पाय माझा आहे. सरळ चल. हुकूम आहे हा.”

“हुकूम मोडला म्हणून माझं नाव लिहून द्या वर. मी ओढ्याने नेतोय तुम्हाला.”

हॅलोरनने त्याला एक घाणेरडी शिवी दिली. ती क्लेमने मला सांगितली नाही. लेसने झोळीचं आपल्या हातातलं टोक ओढ्याकडे वळवलं.

ओढ्यात कमरेएवढं पाणी. झोळी खांद्यावर घेऊन एकेक दगड चाचपत जावं लागलं. अर्ध्या तासाने हॅलोरन बोलायचा थांबला. तासाभराने क्लेमची खात्री डळमळू लागली. दोनच वासे लावले असतील तर? कुणीतरी थट्टेने रचून ठेवले असतील तर? एका सवयीपायी आपण या माणसाला मारतोय, असं त्याला वाटू लागलं. त्याने प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला, शब्द आठवेनात. त्या महिन्यांत मी रोज सकाळी त्याच्यासाठी गुडघे टेकल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नव्हते. त्याही दिवशी टेकले असतील. वेगळं काही जाणवलं नव्हतं.

मग वरून, बागेच्या दिशेने, मशीनगन वाजली. एक लांब फैर, पाठोपाठ दुसरी. आणि त्यांच्यामध्ये एका डुकराचं किंचाळणं.

पाणी वाहत होतं.

“उघडं ठेवलं की शिरतंच,” क्लेम हळूच म्हणाला.

हॅलोरनने डोळे उघडले. बराच वेळ तो क्लेमच्या पाठीकडे बघत राहिला.

अंधार पडता पडता ते तंबूत पोचले. जीव वाचला, पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. क्लेमने ते तीन तास कधी मनातून काढले नाहीत. पाऊण तासात पोचलो असतो तर, असं तो गाईच्या पोटाला कपाळ टेकून म्हणायचा. मी म्हणायचे, पोचलाच नसतात. तो पुन्हा धार काढू लागायचा.

लढाई संपल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात एक माणूस आमच्या फाटकाशी बसमधून उतरला. लाकडी पाय, दोन कुबड्या. क्लेम गोठ्यात होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. त्या माणसाने कडी काढली, फाटक ढकललं आणि आत आला. घर तिथून चांगलं दोनशे पावलं. चाळीसेक पावलं तो आला असेल, घामाने डबडबलेला, आणि थांबला.

मग वळला, आणि कुबड्या टेकत फाटक लावायला परत गेला.