जन्मल्यावर रडली होती का?

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा अनुसूयाला त्याचं काही वाटलं नव्हतं. डॉक्टर आहेत, विचारणारच. पण पुढे जाईल तिथे तोच प्रश्न, तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली. पोर जन्मल्यावर लगेच रडली होती का? अहो, कुणाला ठाऊक! पोर दीडेक वर्षाची असताना एका देवळाच्या ओवरीत सापडली. तिथून संस्थेत, आणि संस्थेतून बालकल्याण समितीच्या हुकमाने काशीदला, अनुसूया आणि दिनानाथच्या घरी. दत्तक नव्हे, सांभाळायला. संस्थेने नाव ठेवलं होतं आश्लेषा. एवढं जोडाक्षराचं नाव, आणि पोर साधं 'आ' म्हणेना. घरात तिची आशू झाली.

आशूला आता चौथं लागलं होतं. बोलत नव्हती, भिंत धरल्याशिवाय चालत नव्हती, ते एक वेळ परवडलं. पण जेवता जेवता ती मधेच थांबायची. घास तोंडात तसाच, डोळे एका जागी लागलेले, हाका मारल्या तरी पापणी हलायची नाही. मग काही झालंच नाही अशी पुन्हा चावायला लागायची. तेवढ्या वेळात अनुसूयाचा जीव वरखाली व्हायचा. हिच्या डोक्यात काहीतरी बिघडतंय आणि दर वेळी पोर थोडी थोडी हातातून जातेय, या भीतीने तिची झोप उडाली होती. खरं काय ते कुणीतरी सांगा, एवढंच तिचं मागणं. आहे तर आहे म्हणा, नाही तर नाही म्हणा!

पण म्हणतो कोण? पहिल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी जन्माचे कागद मागितले, आणि नाहीत म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. तिसऱ्या बाई भल्या, गोड बोलल्या. आईवेगळी मुलं थोडी मागे राहतातच म्हणाल्या, प्रेम द्या. प्रेम द्या! मग इतके दिवस ही काय चिंचोके देत होती? समितीच्या मॅडमना फोन करावा, तर त्या म्हणणार डॉक्टरांचं लेखी आणा. डॉक्टरांकडे जावं, तर ते म्हणणार समितीचं पत्र आणा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि पोरीला कडेवर घेऊन एस.टी.चे धक्के खाणारी ही तेवढी रिकामटेकडी.

"सांगून टाक ना रडली म्हणून," दिनानाथ एकदा वैतागून म्हणाला. "कोन बघायला आला होता?"

तेव्हा ती त्याच्यावर खेकसली होती.

मग कुणीतरी सांगितलं, अलिबागला एका दवाखान्यात महिन्यातून एकदा मुंबईहून मुलांच्या मेंदूचे डॉक्टर येतात. दिनानाथने वाडीतले नारळ पाडायचं काम पुढे ढकललं आणि शेजारच्याची रिक्षा घेऊन दोघींना तिथे नेलं. आत एकालाच सोडत होते. तो बाहेर थांबला, अनुसूया आशूला घेऊन आत गेली.

"बोला आई, काय होतंय बाळाला?" डॉक्टर म्हणाले.

आई. सगळ्याच बायकांना म्हणत असणार ते. पण आत्तापर्यंत जिथे गेली तिथे हिने आधी 'मी सख्खी नव्हे' असं सांगूनच तोंड उघडलं होतं, आणि ते ऐकलं की समोरच्याचं निम्मं लक्ष उडायचं. आज तिने ते सांगितलंच नाही. आणि तो प्रश्न आला तेव्हा, देवा शपथ, विचार न करता तिच्या तोंडून निघून गेलं, "रडली ना. लगेच रडली."

मग काय, सगळं सोपं झालं. बाळंतपण नीट? नीट. कावीळ, झटके? काही नाही. ते मधेच थांबणं तिने सांगितलं, डॉक्टरांनी ते ऐकूनही घेतलं. घरात कुणी उशिरा बोललं होतं का, असं त्यांनी विचारलं, आणि इथे तर तिला खोटंही बोलावं लागलं नाही. सासू जन्मभर सांगायची, दिनानाथ चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता म्हणून. तिने ते सांगितलं. डॉक्टर हसले. मग उत्तर तुमच्या घरातच आहे की, म्हणाले. बापाच्या वळणावर गेलीय. पुष्कळ मुलं अशी तंद्रीत जातात. उगाच भूल देऊन डोक्याचा स्कॅन कशाला? सहा महिन्यांनी दाखवा.

बाहेर येईपर्यंत तिचा जीव भांड्यात पडला होता. काही नाही! चांगल्या मोठ्या डॉक्टरने सांगितलं, काही नाही. दिनानाथला तिने एका दमात सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि चेहरा असा फुलत गेला की विचारू नका. आशूला त्याने तिच्याकडून उचलून घेतलं.

"म्हंजे माझ्यावर गेली हाय," तो म्हणाला. "माझ्यावरच."

अनुसूयाने त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही तिच्याकडे पाहिलं. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याच्या खांद्यावर आशू पुन्हा तशीच थांबली होती, डोळे भिंतीला लागलेले.

अनुसूयाने पोर काढून घेतली आणि तडक आत घुसली. दारावरची मुलगी नंबर, नंबर म्हणत मागे धावली. आत दुसरं कुटुंब बसलं होतं. अनुसूयाला त्यांची लाज वाटली, पण थांबली असती तर तिचा धीर गेला असता.

"मी आई नाही हिची," ती म्हणाली. "रडली की नाही, कुणाला माहीत नाही. बापाचंही माहीत नाही. माहीत नाही असं लिहा, आणि आता तपासा."

डॉक्टर संतापले, आणि ते चुकीचं नव्हतं. खोट्या माहितीवर औषध द्यायचं कसं, असं त्यांनी विचारलं. तिलाही राग आवरला नाही. खरं सांगितलं तेव्हा तुमच्यासारख्यांनी पेन खाली ठेवलं, असं ती तोंडावर म्हणाली. मग डॉक्टरांनी आधीचं पान काढून टाकलं, नवीन घेतलं, आशूच्या डोळ्यांसमोर विजेरी नेली, आणि ते मधेच थांबणं किती वेळा होतं हे पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मेंदूचा आलेख काढायचा आणि स्कॅनही करायचा, म्हणाले. भूल द्यायला तिची सही चालणार नव्हती, समितीची लागणार होती. आणते, ती म्हणाली. तिथे जाऊन बसते आणि घेऊनच उठते.

ती उठली तेव्हा डॉक्टरांचा आवाज बराच खाली आला होता.

"तिच्यासमोर 'आई नाही' म्हणालात म्हणून वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "तिला अजून शब्द कळत नसावेत."

एरवी कुणी असं म्हणालं असतं तर अनुसूयाने तिथेच भांडण काढलं असतं. माझ्या पोरीला सगळं कळतं, म्हणाली असती. आशू मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत होती. अनुसूयाने तिचं डोकं छातीशी दाबून धरलं, आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं असू दे, असं ती मनात म्हणत राहिली.