बुटातली दोन बोटं

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती.

"सरका हो, पाय दिसू द्या!"

खुर्चीत एक रंगारी बसला होता. बारा वर्षं शिडीवर उभं राहून त्याची कंबर धरली होती. समोर स्टुलावर आखूड पाय सारखे करून देणारे समपादगुरुजी. त्यांनी त्याचे दोन्ही पाय बुटांसकट उचलले, टाचा तळहातांवर घेतल्या आणि गर्दीला दाखवल्या. डावा बूट उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं मागे!

"पाय आखूड, म्हणून कंबर वाकडी, म्हणून वेदना! डॉक्टरला दिसलं का हे? छे! डॉक्टर फोटो काढतो, मी ऊर्जा वाचतो! डाव्या पाया, ये. लाजू नको, ये बाळा!"

आणि डावा पाय आला की! सगळ्यांच्या देखत सरकत सरकत उजव्याच्या रांगेत येऊन बसला. रंगाऱ्याने उठून एक गिरकी घेतली. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आजोबांचे तर डोळेच भरून आले.

भोंगाच्या डोक्यात तिडीक गेली. भोंगा हे तिचं घरातलं नाव. होती नववीत, पण आवाज अख्ख्या शाळेला पुरून उरेल असा. आज मात्र ती गप्प होती, कारण पुढचा नंबर आईचा होता.

आई शिवणकाम करायची, दहा-दहा तास मशिनवर वाकून. वर्षापूर्वी कंबर दुखायला लागली, कळ मांडीपर्यंत उतरायची. दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी नीट तपासून सांगितलं होतं, "हाडं ठीक आहेत. एकाच जागी पोक काढून बसल्याने पाठीचे स्नायू कुरकुरतायत. मशिन उंच करा, अर्ध्या तासाला उठा, शेक घ्या, रोज चाला, आणि कागदावरचे हे चार व्यायाम करा. वेळ लागेल, पण हटेल." आई करत होती, उतारही पडत होता. तेवढ्यात मामाने तिला इथे आणलं. गुरुजींनी व्यायामाचा कागद टराटरा फाडला. "हललीस की पाय परत आखडणार. पडून राहा!" दोन महिने आई पडून राहिली. आता भिंत धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं. आज सकाळी तर ती म्हणाली, "मशिन कुणाला तरी देऊन टाकूया गं. आता माझ्याच्याने नाही व्हायचं."

"पुढच्या ताई! बूट घाला."

इथे अनवाणी पाय चालत नसत. दारातल्या पेटीतले ढगळ कॅनव्हासचे बूट चढवायचे, कारण म्हणे ऊर्जा रबरातून वाहते. रबरातून वीजसुद्धा वाहत नाही हे भोंगाला शाळेत शिकवलं होतं, पण असो.

आईला उठवायला लागायचं म्हणून भोंगा खुर्चीला चिकटून बाजूला उभी राहिली. गर्दी होती समोर. म्हणूनच तिला ते दिसलं. आईच्या उजव्या टाचेच्या आणि बुटाच्या तळाच्या मधे दोन बोटं जातील एवढी फट होती! गुरुजी "ये, डाव्या, ये" करायला लागले आणि त्यांच्या अंगठ्याने उजवा बूट हळूच मागे दाबला. सगळे बघत होते डाव्या पायाकडे. करामत होती उजव्या बुटात.

"थांबा!" भोंगा कडाडली. "आई, तू स्वतःचा पायजमा कोणत्या मापाने शिवतेस?"

"आता काय गं मध्येच? साडेछत्तीस."

"दोन्ही पाय?"

"दोन्ही. पोस्टमनकाकांचा एक पाय पाऊण इंच कमी आहे, तर त्यांची ती बाजू मी आखूड..." आई बोलता बोलता थांबली. तिचा हात आपोआप, सवयीने गळ्यात राहिलेल्या टेपकडे गेला. "माझा एवढा आखूड असता तर पायजमा लोळला नसता?"

जगाची मापं घेणारी बाई, स्वतःचंच माप विसरली होती!

"टेपने ऊर्जा मोजतेस होय, कार्टे?" गुरुजी ओरडले.

भोंगाने आईचे बूट ओढून काढले. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत आईने सांगितलं तशी टेप धरली. डावा चौतीस. उजवा चौतीस.

"रंगारीकाका, बसा जरा." भोंगाने त्यांच्या टाचा हातात घेतल्या आणि उजवा बूट दोन बोटं पुढे सरकवला. "काका आखडले!" परत दाबला. "काका वाढले! आखडले! वाढले!"

हॉलमध्ये हसू फुटलं.

"मग यांना बरं का वाटतं?" गुरुजींचा चेहरा पडला होता.

"किती वेळ वाटतं, काका?"

"घरचा जिना चढेपर्यंत," रंगारी खाली बघत म्हणाला.

भोंगा गर्दीकडे वळली. "कुणी प्रेमाने पाय हातात घेतले, टाळ्या वाजल्या, की घटकाभर दुखणं मागे पडतंच. कमी झालं की श्रेय यांचं, वाढलं की चूक तुमची, तुम्ही हललात! आमचं दुखणं खरं आहे हो, गुरुजी. खोटे तुम्ही आहात!"

आई भिंत धरून उठली. "कागद मला परत लिहून मिळेल," ती गुरुजींना म्हणाली. "ते दोन महिने कुठून आणू?"

बुटांची पेटीही तिथेच टाकून गुरुजी मागच्या दाराने सटकले.

दुखणाऱ्या माणसाला कुणी हसू नये. दुखणं माणसाला कुठेही नेतं, आणि तिथेच हे लोक टपून बसलेले असतात. म्हणून दुखलं तर तपासून घ्या, कारण विचारा. आपण कसे बसतो, काय उचलतो, किती वेळ वाकतो ते बघा. आणि कुणी एका झटक्यात बरं करून दाखवलं, तर टाळी वाजवायच्या आधी बूट काढा आणि माप घ्या.

भोंगाच्या घरी मशिनच्या चारही पायांखाली आता विटा आहेत. दर अर्ध्या तासाला गजर होतो. "मेला हा गजर!" असं म्हणत आई शिवण अर्धवट टाकून उठते. कंबर अजून कुरकुरते.

पण भिंतीला ती हात लावत नाही.