साबणाच्या यादीखालची सही

"नीट धर गं, तुझं टोक लोळतंय खाली," थोरली म्हणाली.

धाकटीने चादर वर ओढली. रुग्णालयाच्या धुलाईघरात या दोघी बावीस वर्षं समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालत होत्या. झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक मिळवायचं. सगळे त्यांना थोरली-धाकटी म्हणत. पण धाकटीलाही आता छप्पन्न पूर्ण झाली होती.

थोरली कामगार संघटनेची इथली प्रमुख. निवृत्तीनंतरची दरमहाची पेन्शन बंद करून एकदाच काय ती रक्कम हातावर ठेवायची, असा नवा नियम व्यवस्थापनाने काढला होता. त्याविरुद्ध महिनाभर फाटकापाशी सभा चालू होत्या. फलकाची एक काठी थोरलीच्या हातात, दुसरी धाकटीच्या.

कालच्या सभेत थोरलीने नव्या नियमाच्या संमतीपत्राचा नमुना उंच धरून सांगितलं होतं, "यावर ज्याने सही केली, त्याने आपल्या म्हातारपणावर पाणी सोडलं." 

तो कागद धाकटीने ओळखला होता. दर महिन्याला मुकादम साबण आणि हातमोजे मिळाल्याची यादी पुढे करी आणि बायका ओले हात पदराला पुसून सही ठोकत. या खेपेला यादीखाली आणखी एक कागद होता. "इथंही," मुकादम म्हणाला. तिने केली. घरी नवऱ्याची नजर गेलेली. पुढे दोघांचा सगळा भार त्या पेन्शनवरच. त्याला सांगायला अजून तिची जीभ रेटली नव्हती.

चादर झटकून दोघी जवळ आल्या. टोकाला टोक लागलं, तरी धाकटीने आपलं टोक सोडलं नाही.

"मी सही केलीय," ती पुटपुटली. "साबणाची समजून. आता फलकाला हात लावू नकोस म्हणालीस, तर नाही लावणार."

 थोरलीने दाराकडे नजर टाकली.

"हळू बोल. मीही केलीय."

"तू?"

"मग? पुढारीण झाले म्हणून मला साबण लागत नाही की काय? काल मी दुसऱ्या कुणावर नाही, माझ्यावरच ओरडत होते."

धाकटीला रडू येता येता हसू फुटलं.

"मेले, हसतेस काय," थोरली म्हणाली आणि चादरींच्या ढिगावर बसून स्वतःही हसू लागली.

दुपारच्या सुट्टीत थोरलीने सगळ्यांसमोर ते कबूल केलं. आवाज नेहमीसारखा चढला नाही.  मग बॉयलरवाल्या दादांनी हळूच हात वर केला. मग फाटक्या चादरी शिवणारीने. बघता बघता एकतीस हात झाले.

"म्हणजे न केलेलाच शोधायला हवा," दादा म्हणाले.

संघटनेच्या वकीलबाईंनी एकतीस जणांची तक्रार एकत्र लिहिली: कागद कशाचा ते न सांगता सह्या घेतल्या. आठ दिवसांनी व्यवस्थापन नमलं. ज्यांना संमती मागे घ्यायची त्यांनी घ्यावी, त्यांची पेन्शन होती तशीच राहील. नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठीची लढाई अजून बाकी होती. पण त्या दिवशी धाकटीने मनातल्या मनात देवापुढे डोकं टेकलं आणि घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तरीच आठ दिवस भाजी अळणी होती."

कार्यालयाच्या खिडकीपाशी रांग लागली. पहिला नंबर थोरलीने धाकटीला दिला. कारकुनाने छापील अर्ज पुढे सरकवला.

"इथं सही करा मावशी, झालं तुमचं काम."

धाकटीने कागद उजेडाकडे धरला. "आधी वाचते."

"अहो, मागे केवढी रांग आहे."

"रांगेला घाई नाही," मागून दादा म्हणाले.

ओळीखाली बोट धरून, अक्षराला अक्षर लावत धाकटी वाचू लागली. मागे तीस माणसं गुपचूप उभी होती. तिसऱ्या ओळीशी ती थांबली आणि खिडकीत वाकून तिने कारकुनाला एका शब्दाचा अर्थ विचारला.