नखभर पाणी

"त्या उंबऱ्याला हात लावायचा नाही," बाबा चाकांच्या खुर्चीतून म्हणाले.

छिन्नी टेकवून हातोडा उचललेली लेक तशीच थांबली. न्हाणीघराची जुनी फरशी सकाळीच उखडून झाली होती. दारातला वीतभर उंचीचा उंबरा तेवढा उरला होता.

"बाबा, ह्यालाच अडखळून पडलात ना?"

"पडलो मी. त्याचा काय दोष? इतक्या वर्षांत त्यानं पाण्याचा थेंब बाहेर जाऊ दिला नाही."

"बाहेर नाही, खाली जाऊ दिला. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या ओट्यावर टपटपतोय."

बाबांनी चष्मा पुसायला घेतला.

जन्मभर त्यांनी लोकांच्या घरांत फरशी बसवली होती. काम संपले की तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते कुठे वळते, कुठे रेंगाळते हे पाहिल्याशिवाय जागचे हलायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता. म्हणून बरोबरीचे गवंडी त्यांना 'उतारमास्तर' म्हणत. त्यांच्याच हाताखाली लेक थापी धरायला शिकली आणि पुढे गळक्या गच्च्यांची, न्हाणीघरांची कामे घेऊ लागली. पण खुब्याचे हाड मोडल्यापासून उतारमास्तरांना स्वतःची आंघोळ स्वतः करता येत नव्हती. आंघोळ घालायला एक माणूस येई. माणूस भला होता, हाताचा हलका होता. "आजोबा, हात वर," तो म्हणे. बाबा डोळे मिटून हात वर करीत आणि मग दुपारपर्यंत कोणाशी बोलत नसत. ते गप्प बसणे लेकीला पाहवत नव्हते. खुर्ची थेट नळाखाली गेली असती, तर त्या माणसाची गरज उरली नसती. त्यासाठी उंबरा जायला हवा होता.

"उंबरा गेला तर पाणी अडवणार कोण?" चष्मा चढवून बाबांनी विचारले.

"उतार अडवेल."

त्यांचेच हत्यार त्यांच्यावर चालले होते. खुर्चीचा हात त्यांनी दोनदा चोळला.

"बरं, फोड. पण गळलं तर उंबरा परत घालायचा. मग मी आहे नि तो 'हात वर'वाला आहे. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली, आणि घाव घातल्यावर तिला त्या शब्दाची धास्ती वाटली.

तिने काम मनावर घेतले. खोलीभर उतार पाणी जाण्याच्या जाळीकडे दिला, भिंत आणि जमीन जिथे मिळते तो काटकोन सिमेंटने भरून गोलसर केला, सांध्यांवर कापडी पट्टी दाबली. मग पाणी अडवणारा लेप दिला. पहिला हात उभा, दुसरा आडवा, म्हणजे एकात राहिलेले छिद्र दुसऱ्यात बुजते. बाबा दारातून पाहत होते. "कोपरा, कोपरा," एवढेच अधूनमधून म्हणत. तोवर तो माणूस येऊन ओल्या फडक्याने त्यांचे अंग पुसून जाई. त्यामुळे बाबा अधिकच घुम्यासारखे झाले.

लेप पुरता वाळल्यावर तिने जाळीला बूच मारले, दारात विटांची पाळ बांधली आणि पाणी भरले.

"हा काय, उंबराच की," बाबा म्हणाले.

"पाहुणा आहे. पाणी टिकलं की जाईल."

पाण्याच्या काठाने तिने भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या एका कामावर गेली. परतताना आधी खालच्या काकूंकडे डोकावली.

"छत कोरडं आहे गं," काकू म्हणाल्या. "पण माझी मान गेली. भाजी चिरू की वर बघू?"

हसतच ती वर आली आणि न्हाणीघराच्या दारात तिचे हसू विरले. पाणी रेघेखाली गेले होते. फार नाही, नखभर. पण एका दिवसात एवढे पाणी हवेत उडत नाही. खाली नाही तर भिंतीत मुरले असेल, आणि भिंतीत मुरलेले पाणी कधी, कुठे डोके वर काढेल ते सांगता येत नाही.

ती पाळीवर बसली. "बाबा, गळतंय. सगळा लेप खरवडायला हवा. उंबऱ्याचं मी कबूल केलंय..."

"उंबऱ्याची घाई नको," बाबा पुटपुटले.

तिने मान वळवली. पैज जिंकलेल्या माणसाचा हा आवाज नव्हता. ते खिडकीकडे बघत होते. खुर्चीच्या चाकांवर, पायजम्याच्या काठावर, घरभर सिमेंटची करडी धूळ बसली होती. बाबांची पावले मात्र घोट्यापर्यंत लख्ख होती, अगदी नखांसकट. गॅलरीत तिचे घमेले पालथे वाळत होते आणि कुंड्यांतली माती ओली होती.

"बाबा, पाय कोणी धुतले?"

"मीच."

"ह्या पाण्यानं?"

"खुर्ची इथवर सरळ आली. कुठं अडली नाही." ते अजून खिडकीशीच बोलत होते. "समोर एवढं पाणी. एक मग भरून घमेल्यात ओतला, म्हटलं बघू जमतं का. पाय झाले. मग तोंड धुतलं. मान राहिली."

"आणि घमेल्यातलं पाणी?"

"मगा-मगानं झाडांना नेऊन घातलं. टाकायचं कशाला?"

"माझा जीव अर्धा झाला इथं. आल्या आल्या सांगायचं नाही का?"

"काय सांगू? भरलेल्या पाण्याला कोणी बोट लावायचं नाही, म्हणून जन्मभर लोकांवर ओरडलोय मी."

तिला हसू आवरेना. बाबाही शेवटी ओशाळे हसले. तिने पाण्याशी नवी रेघ ओढली आणि त्यांचा मग कपाटावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेला चिकटून होते.

खरबरीत फरशी बसली, सांधे भरले गेले. "जाळीतले केस दर आठवड्याला काढायचे, नाहीतर पाणी तुंबतं," ती म्हणाली. "ते काम तुमचं. खुर्चीतून हात पोचतो."

"मला शिकवतेस?" असे म्हणून बाबांनी तेव्हाच जाळी उघडून पाहिली.

पहिल्या सकाळी त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, खुर्ची आत नेली आणि दार ओढून घेतले. लेक बाहेर जमिनीवर बसली. नळ सुरू झाला. बराच वेळ नुसते पाणी वाजत राहिले.

"भिंतीकडच्या कोपऱ्यात पाणी जरा रेंगाळतंय," आतून आवाज आला.

"कुठल्या?" ती अर्धवट उठली.

"आत येऊ नकोस. नुसतं सांगतोय."

ती पुन्हा बसली. उंबरा होता तिथे तिने तळवा टेकवला. पलीकडे पाणी जाळीकडे धावत होते. तळव्याखालची फरशी कोरडी होती. नळ बंद झाला, तरी तिने हात उचलला नाही.