दोनशे बारा जणांचा ग्रुप

मिस्त्रीबाईंनी खुर्चीखालची पिशवी उचलली, सभागृहाच्या कडेकडेने दारापर्यंत आल्या आणि तिथंच उभ्या राहून धाकट्या बहिणीला मेसेज टाकला. ‘माझ्याने होणार नाही. घशाला कोरड पडलीय. पोट दुखतंय सांगून निघते.’

पाठवल्यावर नजर स्क्रीनच्या वरच्या कडेला गेली. तिथं बहिणीचा फोटो नव्हता. परिषदेचं बोधचिन्ह होतं आणि त्याखाली ‘२१२ सदस्य’.

त्यांनी घाईघाईने मेसेजवर बोट दाबून धरलं. दोन पर्याय आले आणि बोट नको त्यावर पडलं. मेसेज पुसला गेला, पण फक्त त्यांच्या फोनवरून. उरलेल्या दोनशे अकरा जणांकडे तो शाबूत होता.

बाई बावीस वर्षं कृत्रिम पाय बनवत होत्या. माणूस दारातून दोन पावलं आत आला की त्याला कुठे टोचतंय, हे त्यांना कळे. पण परिषदांमध्ये बोलायचं काम वर्कशॉपच्या साहेबांचं. साहेब तापाने पडले आणि “काम तुमचंच आहे, तुम्हीच बोला,” म्हणून मोकळे झाले.

फोन थरथरू लागला.

‘कोण हो या?’

‘पोटदुखी मी गेल्या वर्षीच वापरली. नवीन कारण शोधा.’

‘पाणी प्या. स्टेजच्या डाव्या बाजूला गार बाटल्या आहेत.’

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. एवढ्यात एका अनोळखी नंबरावरून वेगळा मेसेज आला, फक्त त्यांच्यासाठी. ‘निघाला असाल तर मलाही न्या. तुमच्यानंतर बोलायचा नंबर माझाच आहे. जिन्यापाशी उभा आहे.’

जिन्यापाशी पिकल्या केसांचे एक गृहस्थ हातातल्या कागदाची घडी घालत आणि उलगडत उभे होते. बाईंनी त्यांना लगेच ओळखलं. बाहेरच्या फलकावर सर्वांत मोठा फोटो त्यांचाच होता.

“तुम्हीच का पोटदुखी?”

“डॉक्टर, तुम्ही? तुम्हाला कसली भीती?”

“बत्तीस वर्षं हाडं कापतोय, हात कधी कापला नाही. माईक दिसला की मात्र कापतो.”

बाईंना हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

“विषय काय तुमचा?” डॉक्टरांनी विचारलं.

“नवीन पाय घातला की माणूस खोटं बोलतो, सर. दुखत नाही म्हणतो. आपल्याला त्रास नको म्हणून.”

“मग तुम्हाला कसं कळतं?”

“मी तोंडाकडे बघतच नाही. खांद्याकडे बघते. दुखरा पाय टेकला की खांदा आधी बोलतो.”

डॉक्टरांची घडी अर्ध्यावर थांबली.

“मलाही सगळे दुखत नाही म्हणतात,” ते हळूच म्हणाले. “आणि मी फाइलीत तसंच लिहितो.” मग क्षणभराने, “हे एवढंच सांगा आत. बाकी काही नको.”

बाईंनी एवढंच सांगितलं. लिहून आणलेली पानं पिशवीतच राहिली. स्टेजवर चार पावलं लंगडून दाखवली तेव्हा मागच्या रांगेतले लोक उठून बघू लागले. एका तरुण डॉक्टरीणबाईने विचारलं, “आणि दोन्ही पाय नसतील तर?” बाईंनी वर्कशॉपमध्ये सांगावं तसं सांगून टाकलं, “मग मान बघायची, बाळा.” हशा झाला, टाळ्या झाल्या. बाई खाली उतरल्या तेव्हा श्वास पार पोटापर्यंत जात होता. पिशवीत फोन थरथरायचा थांबत नव्हता.

आता सुटले, असं म्हणत त्या दाराकडे निघाल्या. चारची गाडी अजून मिळाली असती.

मागे डॉक्टरांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या थांबल्या, तरी आवाज येईना. बाईंनी वळून पाहिलं. डॉक्टर माईकसमोर उभे होते, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून.

बाई मागे फिरल्या. पहिल्या रांगेत अगदी मधली खुर्ची रिकामी होती. तिथं जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेतली.

डॉक्टरांची नजर सभागृहभर फिरली आणि त्या खुर्चीवर येऊन टेकली.

“नमस्कार,” ते म्हणाले.